नेरूळ ते महापे रोज सायकलने: आधी रस्ता ठरवा, मग सायकल घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून बदली होऊन तुम्ही नेरूळला राहायला आला आहात. ऑफिस महापे एमआयडीसीत, म्हणजे साधारण ११-१२ किलोमीटर. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जायचं आहे आणि रविवारी जरा लांब पल्ला मारायचा आहे. उंची ५ फूट ५ इंच, वजन ७० किलो, बजेट ३५ हजार. कोणती सायकल घ्यावी आणि कोणत्या रस्त्याने जावं?

उत्तर उलट्या टोकाने देतो. सायकल आत्ताच घेऊ नका. दोन-तीन आठवडे कुणाची मागून आणा किंवा भाड्याने घ्या, जुनी साधी असली तरी चालेल. तुमच्या जाण्या-येण्याच्या रस्त्यात सर्वांत वाईट अर्धा किलोमीटर कोणता, हे आधी कळू दे. उरलेल्या साडेदहा किलोमीटरवर कोणतीही सायकल चालते. टायर किती रुंद हवा, ब्रेक कसले हवेत आणि गिअर किती हवेत, हे त्या अर्ध्या किलोमीटरवर ठरतं. दुकानात सायकल आवडली म्हणून घेतात, मग रस्ता तिला मानवत नाही आणि ती सहा महिन्यांत बाल्कनीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते.

नवी मुंबईचा नकाशा उत्तर-दक्षिण पट्टीसारखा आहे. एका बाजूला पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि ट्रान्स-हार्बर रेल्वे समांतर धावतात, आणि सायन-पनवेल महामार्ग पट्टीला आडवा कापून जातो. सेक्टरांच्या आतले रस्ते सिडकोने रुंद आखलेत, तिथे सायकलला फारसा त्रास नाही. त्रास आहे तो ओलांडण्याच्या जागी. रेल्वे कुठे ओलांडायची, महामार्ग कुठे ओलांडायचा, नाला कुठे ओलांडायचा, या तीन जागा पक्क्या झाल्या की रस्ता आपोआप तयार होतो. म्हणून नकाशावर आधी रेघ ओढू नका, ओलांडायच्या जागांवर टिंबं टाका आणि मग ती जोडा.

टिंबं शोधायची रीत अशी. गुगल मॅप्सवर चारचाकीचा रस्ता काढा, निघायची वेळ मंगळवार सकाळी पावणेनऊ अशी टाका आणि लाल पट्टे कुठे दिसतात ते बघा. लाल पट्टा सायकलला वाईटच असतो असं नाही. गाड्या रांगत असतील तर सायकलवाला त्यांच्यापेक्षा सुरक्षित असतो. गाड्या जिथे साठच्या वर पळतात आणि डावीकडून दुसरा रस्ता येऊन मिळतो, ती जागा खरी धोक्याची. मग उपग्रहाचं चित्र उघडा आणि उड्डाणपुलाच्या दोन्ही बाजूंना खालून रस्ता आहे का ते पाहा. जवळपास सगळीकडे असतो, आणि सायकलने नेहमी त्याच रस्त्याने जायचं, पुलावरून नाही. पुलाच्या तोंडाशी सरळ जाणारी गाडी आणि डावीकडे खाली उतरणारी गाडी एकमेकींना कापतात. तुम्ही डाव्या कडेने पुलावर चढत असाल तर त्या दोघींच्या मधोमध सापडता.

स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपचा हीटमॅप जरूर पाहा, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यावर उजळ दिसणारा रस्ता म्हणजे पुष्कळ सायकलस्वार जातात तो रस्ता, आणि त्यातले बहुतेक रविवारी पहाटे साडेपाचला जातात. तोच रस्ता मंगळवारी नऊ वाजता पूर्ण वेगळा असतो. उलट रोज कामावर जाणारा वॉचमन, दूधवाला, गॅरेजमधला पोऱ्या स्ट्राव्हा लावत नाहीत. सकाळी आठला चौकात दहा मिनिटं उभं राहून साध्या काळ्या सायकली कुठून येतात आणि कुठे वळतात ते पाहा. ही माणसं वर्षानुवर्षं तोच रस्ता धरतात, त्यामागे कारण असतं.

आता नेरूळ ते महापे. सरळसोट पर्याय म्हणजे जुईनगर, तुर्भे करत ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणं. अंतराला सर्वांत कमी, पण कंटेनर, एमआयडीसीचे टँकर आणि एपीएमसी मार्केटला जा-ये करणारे ट्रक सगळे तिथेच. मार्केटची वर्दळ रात्री आणि पहाटे जास्त असते, त्यामुळे “लवकर निघालो की रस्ता मोकळा” हे गणित तुर्भ्याला लागू पडत नाही. हा रस्ता मी सुचवणार नाही.

दुसरा पर्याय पाम बीच मार्ग. नेरूळहून वाशीच्या दिशेने जायचं, सायन-पनवेल महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे निघायचं, अरेंजा कॉर्नरवरून कोपरखैरणेत शिरायचं आणि तिथून पूर्वेला रेल्वे व ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून महापे. दोनेक किलोमीटर जास्त पडतात. महामार्ग खालून ओलांडला जातो हा मोठा फायदा. तोटा म्हणजे पाम बीचवर गाड्या जोरात असतात. तिथे सिग्नलच्या आधी गाड्या हळू व्हाव्यात म्हणून केलेल्या उंचवट्यांच्या, म्हणजे रम्बलर पट्ट्या आहेत. अरुंद टायरवर हात बधिर होतात, आणि त्या चुकवायला लोक अचानक उजवीकडे सरकतात. तसं करू नका. पट्टीच्या आधी वेग कमी करा, अंग सीटवरून जरा उचला, सरळ जा.

तिसरा पर्याय मला रोजच्यासाठी जास्त पटतो: पाम बीच न धरता नेरूळ आणि सानपाड्याच्या सेक्टरांमधून आतल्या रस्त्यांनी जायचं, महामार्ग ओलांडण्यापुरतं पाम बीचवर यायचं आणि वाशी-कोपरखैरणेत पुन्हा आत शिरायचं. सिग्नल आणि स्पीडब्रेकर वाढतात, वेळ पाच-सात मिनिटं जास्त लागतो. सरासरी ताशी १७ किलोमीटर धरली तर १३ किलोमीटरला ४५ मिनिटं. लोकल आणि शेअर रिक्षा मिळून लागणारा वेळही यापेक्षा फार कमी नसतो. शेवटची ओलांडणी, कोपरखैरणे ते महापे, ही तुमचा वाईट अर्धा किलोमीटर ठरण्याची दाट शक्यता आहे. तिथे गर्दीच्या वेळी पुलाच्या चढावर बस आणि रिक्षा एकमेकांना खेटून चालतात. शंभर-दोनशे मीटर उतरून सायकल हातात धरून चाललात तर कमीपणा नाही. उजवीकडचं मोठं वळण घेण्याऐवजी सरळ पलीकडे जाऊन, सायकल फिरवून, पुढच्या सिग्नलला निघणं हेही तसंच.

संध्याकाळचा परतीचा रस्ता वेगळा तपासा. सकाळी जिथे डावं वळण होतं तिथे परत येताना उजवं असतं. शिवाय संध्याकाळी खाडीवरून वारा सुटलेला असतो आणि मोकळ्या रस्त्यावर तो चांगलाच जाणवतो. एकदा रविवारी निवांतपणे, एकदा कामाच्या दिवशी सकाळी आणि एकदा संध्याकाळी सातला, असा तीनदा रस्ता पाहिल्याशिवाय तो पक्का समजू नका.

पृष्ठभागाबद्दल थोडं, कारण इथे बऱ्याच गोष्टी पाडतात. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांच्या मध्ये लांबच लांब सांधा असतो. त्यातला डांबराचा भराव निघाला की बोटभर फट राहते, आणि २५ मिलिमीटरचा टायर तिच्यात बसला की हँडल वळत नाही, माणूस पडतो. अशी फट तिरकी नाही, जमेल तितकी काटकोनात ओलांडायची. पेव्हर ब्लॉक पावसात शेवाळतात. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ब्रेकही मारायचा नाही आणि वळायचंही नाही. पाणी साचलेल्या जागी खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून पुढच्या रिक्षाचं चाक कुठे आपटतं ते पाहून मागून जा. उभ्या गाड्यांपासून एक मीटर सोडून चाला. ओला-उबरमधला मागचा माणूस दार उघडताना मागे बघत नाही, हे गृहीतच धरा.

रविवारकडे वळू.

पाम बीच मार्ग, वाशी ते बेलापूरचा किल्ला चौक, सुमारे १० किलोमीटर. जाऊन-येऊन वीस, चढ नाही, सुरुवातीला उत्तम. पण सात वाजेपर्यंत आटपा. उजाडायची वेळही लक्षात घ्या: जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. थंडीत पहाटे निघालात तर पूर्ण फेरी अंधारातच होते, मग मागचा लाल दिवा आणि पुढचा किमान ३०० ल्युमेनचा दिवा हवाच.

चढाची सवय करायला बेलापूरची पारसिक टेकडी आहे. लांबीला छोटी, पण खडी. तीन-चार फेऱ्या मारल्या की पाय आणि गिअर दोन्हींची परीक्षा होते. खारघर टेकडीचा रस्ता त्याहून लांब आणि सुंदर, मात्र तो वेळोवेळी बंद ठेवतात आणि पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या परिसरात प्रवेशबंदी असते. निघण्यापूर्वी स्थानिक सायकलवाल्यांना विचारा. बंद असेल तर सेंट्रल पार्क आणि गोल्फ कोर्सच्या बाजूचे खारघरचे रुंद रस्ते आहेतच.

या भागातला मला सर्वांत आवडणारा रस्ता म्हणजे पनवेलहून नेरे गावावरून गाढेश्वर धरण. पनवेल सोडलं की साधारण १२-१५ किलोमीटर, समोर माथेरान-प्रबळगडाची रांग, रहदारी कमी. नेरूळहून जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या आसपास पडतात. पावसाळ्यात धरणाकडे जायला अनेकदा बंदी असते, तेव्हा अलीकडच्या गावातूनच मागे फिरा. वाटेत सायकल दुरुस्तीचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका.

त्यापुढची पायरी म्हणजे पळस्पे फाट्यावरून जुना मुंबई-पुणे महामार्ग धरून खोपोली. द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही, पळस्प्याच्या पुढे चुकून तिकडे वळू नका, पाट्या नीट वाचा. खोपोलीच्या पुढे शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा बोरघाटाचा जुना चढ आहे. चढताना कमी गिअर लागतोच, पण खरा कस उतरताना लागतो. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम किंवा डिस्क तापते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा.

काय टाळावं हेही सांगतो. उलव्याकडे आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारा आम्र मार्ग आणि कळंबोली सर्कल, दोन्हीकडे कंटेनरचं राज्य. मुंब्रा बायपास तसाच. अटल सेतूवर दुचाकी आणि सायकलला बंदी आहे. कर्नाळ्याचा रस्ता दिसायला छान, पण अभयारण्यातून गोवा महामार्ग जातो आणि ट्रकला बाजू द्यायला जागा नसते. ठाण्याकडे गेलात तर घोडबंदर रोडऐवजी उपवनवरून येऊरचा चढ करा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, नाक्यावर वनखात्याची तपासणी असते, बिबट्याचा वावर आहे. उजेडात जा, उजेडात परत या. समुद्र ओलांडायची हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल नेता येते. पुढे अलिबागपर्यंतचा रस्ता सोपा.

आता सायकल. वरचे रस्ते पाहिलेत तर तुमची गरज स्पष्ट होते: खड्डे आणि सांधे झेपतील असा टायर, पावसात लागणारे ब्रेक, पारसिक चढेल असा एक हलका गिअर, मागे कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला जागा. याला दुकानात हायब्रिड म्हणतात. बारीक टायरच्या रोड बाइकचा मोह तूर्त सोडा. डोंगरी जाड टायरची एमटीबीही नको, तिचे उंच गाठींचे टायर डांबरावर जोर खातात.

टायर ७००×३५ ते ७००×३८. यापेक्षा अरुंद असेल तर सांध्यात अडकायची भीती, रुंद असेल तर मडगार्डला जागा पुरत नाही. तुमच्या वजनाला ३८ च्या टायरमध्ये पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरेत, ३२ घेतलात तर ६० आणि ६५. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची असते असं नाही. पेट्रोल पंपावर तोंडी अंदाजाने भरलेली हवा बहुधा चुकते. मीटरवाला उभा पंप घरात ठेवा आणि दर आठवड्याला पाहा. पावसात पाच पीएसआय कमी ठेवलेत तर पकड सुधारते.

पुढचा शॉकअप घेऊ नका, दुकानदार कितीही आग्रह करो. या किमतीतला शॉकअप बरंच वजन वाढवतो, चढावर उभं राहून पॅडल मारलं की तुमचा जोर दांड्यातच खाऊन टाकतो, आणि खाडीच्या दमट हवेत वर्षभरात आत गंजून जाम होतो. तेच पैसे चांगल्या टायरला आणि ब्रेकला द्या.

गिअरचं गणित एकदा हाताने करून पाहा. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांची बिनगिअरची सायकल पॅडलच्या एका फेऱ्यात सव्वापाच मीटर पुढे जाते. खड्या चढावर ताशी आठ किलोमीटरचा वेग धरला तर पाय मिनिटाला पंचवीस वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सगळा भार. पुढे ३८ आणि मागे ३४ असेल तर तोच वेग मिनिटाला पंचावन्न फेऱ्यांनी मिळतो. नेरूळ-महापे सपाट आहे, तिथे बिनगिअरचीही चालेल. रविवारचा पारसिक मात्र तिच्यावर जमणार नाही. पुढे एक किंवा दोन चक्रं आणि मागे आठ पुरेत. एकवीस गिअर, चोवीस गिअर हा जाहिरातीचा आकडा आहे, त्यातले अर्धे एकसारखेच असतात. मागचं सर्वांत मोठं चक्र किती दात्यांचं आहे ते विचारा: ३२ किंवा ३४ हवं.

त्याच वेळी अजून एक विचारा, जे फार कमी लोक विचारतात: मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील? स्वस्त सायकलीत आट्यांवर घट्ट बसवलेलं सात चक्रांचं फ्रीव्हील असतं. त्यात बेअरिंग चाकाच्या टोकापासून आत राहतं, धुरा आधाराशिवाय लांब राहतो आणि खड्ड्यात आपटून वाकतो. चाक डुलायला लागलं, स्पोक सारखे तुटायला लागले, की मिस्त्री चाक सरळ करत राहतो आणि मूळ दोष धुऱ्यात असतो. कॅसेट म्हणजे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, सरकवून बसवलेला चक्रांचा संच. तिच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून ते टिकतं. आठ चक्रांची बहुतेक सायकल कॅसेटवाली असते, पण कोपऱ्यात वाकून बघून खात्री करा.

ब्रेक मेकॅनिकल, म्हणजे तारेने चालणारी डिस्क, १६० मिलिमीटरची. रिमवर रबरी शू दाबणारे व्ही-ब्रेक वाईट नाहीत, सुटे भाग कुठेही मिळतात, पण पावसात रिमवर बसलेला गाळ शू घासतो आणि रिमही घासतो. पहिला ओला ब्रेक क्षणभर लागतच नाही. डिस्कचा एक शत्रू आहे, तेल. चेनवर स्प्रे मारताना चार थेंब डिस्कवर उडाले की पॅड किंचाळायला लागतात आणि पकड जाते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर नवे घाला. डब्ल्यूडी-४० डिस्कच्या आसपासही नको.

माप. पायाची आतली उंची मोजा: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुस्तक दोन पायांमध्ये जांघेपर्यंत घट्ट वर घ्यायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. समजा ७६ सेंटिमीटर आले. त्याला ०.२२६ ने गुणलं की १७.२, म्हणजे १७ इंचाची फ्रेम. काही कंपन्या त्यालाच एम म्हणतात, काही एस, त्यामुळे अक्षरावर जाऊ नका. सीटची उंची ७६ गुणिले ०.८८३, म्हणजे ६७ सेंटिमीटर, क्रँकच्या, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या धुऱ्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत. झटपट तपासायचं असेल तर टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय ताठ व्हायला हवा आणि कंबर डुलता कामा नये. दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे पुष्कळ जण गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय म्हणून येतात. गुडघा मागून दुखत असेल तर सीट बहुधा वर आहे.

पस्तीस हजारांतले सगळे सायकलवर घालू नका. पाचेक हजार बाजूला काढा: हेल्मेट, दोन दिवे, कुलूप, पंप, मडगार्ड, कॅरिअर, सुटी ट्यूब आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की असलेलं छोटं हत्यार. पाठीवर सॅक घेऊन इथल्या दमट हवेत ऑफिसला पोचलात तर शर्ट पिळून काढावा लागेल, म्हणून कॅरिअरवर पिशवी लावा. उरलेल्या तीस हजारांत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, आठ गिअर आणि डिस्क ब्रेक हे तिन्ही मिळतं. वापरलेली सायकल पाहणार असाल तर मूळ बिल मागा आणि क्रँकखाली कोरलेला नंबर बिलाशी जुळवा. हँडलच्या नळीपाशी रंगाला केसासारखी चीर दिसली तर किंमत न विचारता निघा. सीटचा दांडा हलतो का पाहा. समुद्राकाठच्या सायकलींमध्ये तो आत गंजून चिकटलेला असतो आणि काढताना फ्रेम जाते.

पंक्चरबद्दल दोन गोष्टी. व्हॉल्व्ह कोणता आहे ते घेताना बघा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर त्याच्याकडे नळी बसत नाही, म्हणून प्रेस्टावर चढवायची छोटी पितळी टोपी (अ‍ॅडॅप्टर) दोन नग पिशवीत ठेवा. आणि ७०० ची ट्यूब नाक्यावर मिळत नाही, आपली आपण न्यायची.

दुसरी गोष्ट एमआयडीसीच्या रस्त्यांची. तिथे पंक्चर काचेने होतात त्यापेक्षा ट्रकचे टायर फुटून पडलेल्या बारीक पोलादी तारांनी जास्त होतात. तार केसाएवढी असते, टायरमध्ये रुतून बसते, हवा सावकाश जाते. तुम्ही ट्यूब बदलता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाक खाली. टायर बसवताना त्यावरचं नाव अगदी व्हॉल्व्हपाशीच येईल असं बसवा. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते व्हॉल्व्हपासून मोजलं की टायरवर तीच जागा सापडते. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला की तार मिळाली. बोटाने शोधू नका, टोचते. नखं कापायच्या कटरने ओढून काढा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर दोष तारेचा नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. पॅच लावताना सोल्युशन लावून लगेच दाबू नका. पाच मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच गरम रस्त्यावर सुटतो.

खाडीजवळ लोखंड फार लवकर गंजतं. पावसाळ्यात घट्ट ओलं चेन ऑइल वापरा, उरलेल्या आठ महिन्यांत पातळ कोरडं, कारण घट्ट ऑइलवर धूळ बसून तिची काळी लापशी होते. भिजून आलात की फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, कोरडी करा, प्रत्येक कडीला एक थेंब द्या, जास्तीचं पुसून काढा. चाकाचा हब पाण्यात बुडाला असेल तर ग्रीस धुतलं जातं, तेव्हा हब उघडून पुन्हा भरून घ्या. सीटचा दांडा दर तीन महिन्यांनी काढून ग्रीस लावून परत घाला. चेन किती ताणली ते साध्या फुटपट्टीने कळतं: एका पिनेपासून, ती न धरता, पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर बारा इंच हवं. एक सोळांश इंचाने वाढलं की चेन बदला. एक अष्टमांशापर्यंत थांबलात तर चेनबरोबर मागची चक्रंही घालावी लागतात.

नवी सायकल हातात आली की पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर ती दुकानात परत न्या. गिअर आणि ब्रेकच्या तारा तेवढ्यात सैल होतात, स्पोक बसतात, हँडलच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा (प्ले) येतो. बहुतेक दुकानं ही पहिली सर्व्हिस फुकट करतात, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. क्रँकचे बोल्ट त्यांच्यासमोर आवळून घ्या. सैल क्रँकवर पन्नास किलोमीटर चालवलं की आतलं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग नवा क्रँक घालण्यावाचून इलाज नसतो.